जीवनाच्या बाजूने गेलेला टँकर

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. घडत होती तेव्हा मलाही पटत नव्हती, तर तुमची काय कथा. पण आमच्या कोपरभाटातून, वसईच्या त्या विहिरींच्या गावातून, माझी सख्खी बहीण कातरीन एकदा पाण्याच्या टँकरमध्ये बसून दवाखान्यात गेली. आणि तो टँकर गेला तो मी रंगवलेल्या एका शब्दाखालून.

एवढं मी बोललो आणि बावतीस न्हाव्याने चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"झालं. डुमिंगनाना सुटले. मागच्या रविवारी काय होतं? कोंबडा देवळाची घंटा वाजवायचा."

"वाजवायचा. दोरीला दाणे बांधले होते."

"आणि खाडीतला मासा तुमच्या होडीमागे बाजारापर्यंत आला होता."

"आला होता. भाव पडलेला बघून परत गेला."

रविवारची सकाळ होती. देवळातली मिस्सा सुटली होती. आम्ही वसईकर ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. सगळे कातूच्या ओट्यावर जमलो होतो. कातू म्हणजे ही कातरीनच. ती कोपऱ्यात बसून विड्याची पानं ओल्या फडक्याने पुसत होती आणि चळत लावत होती. माझ्या गोष्टी ऐकून ऐकून तिचे कान पिकले आहेत, त्यामुळे मी बोलायला लागलो की ती मान वर करत नाही.

विषय काढला होता तिच्या नातीने, रेनीने. पुढच्या रविवारी तिला देवळात भाषण करायचं होतं, तेही मराठीत.

"नाना, प्रोलाइफला मराठीत काय म्हणायचं ते सांगा ना. टँकर नंतर."

"टँकरशिवाय त्या शब्दाचा अर्थ लागत नाही, बाय. हा शब्द या गावात पहिल्यांदा मराठीत कुणी आणला? मी."

"कोंबड्याने नाही ना?" बावतीस म्हणाला.

मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि सांगायला लागलो.

त्या वर्षी फादर एलायस आमच्याकडे नवीन आले होते. अंगाने काडी, पण आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि चुकीच्या ठिकाणी आमेन म्हणायचा. ते शहरातल्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना हा शब्द घेऊन आले. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावं, कबरीवरची अक्षरं, सगळी माझ्या हातची. फादर माझ्या पडवीत आले आणि म्हणाले, "डुमिंग, एक बॅनर पाहिजे. प्रोलाइफ. पण मराठीत."

"म्हणजे काय, फादर?"

"पोटातलं मूल हाही जीव आहे. तो पाडू नये, पाडू देऊ नये, असं मानणारे."

"मग सरळ लिहू की. गर्भपातविरोधी."

फादरनी तोंड वाकडं केलं. "विरोधी नको रे. आपलं गाव आधीच सगळ्यांच्या विरोधात आहे. टँकरच्या विरोधात, बिल्डरच्या विरोधात, शेजाऱ्याच्या कुंपणाच्या विरोधात. एकदा तरी कशाच्या बाजूचे होऊ या."

मी फळीवर खडूने लिहिलं, 'जीवनवादी'. माझी बायको आतून डोकावली आणि म्हणाली, "विम्याचं ऑफिस निघतंय का?" ते पुसलं. 'जीववादी' लिहिलं, तर फादरना त्यात शाळेतल्या प्रयोगाच्या तासाचा बेडूक दिसायला लागला. तेही पुसलं.

कातू तेव्हा माझ्याकडेच आली होती. दोन मुलींच्या पाठीवर तिला पुन्हा दिवस गेले होते. नवरा इनास बोटीवर, वर्षातून एकदा यायचा. ती म्हणाली, "जीव एवढंच लिहा ना. बाईला दोन जिवांची म्हणतातच. पहिल्याची चौकशी सगळे करतात. दुसऱ्याच्या बाजूने बोलायला कुणी नको का?"

फादर इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे तिला सभेत शपथ वाचायला सांगितली. फक्त 'जीव' हा शब्द त्यांना बॅनरवर उघडाबोडका वाटला. जीव म्हटलं की माणसाला जीव जाणं, जीव देणं, जीव खाणं असलं काहीबाही आठवतं. त्यांना रविवारचे कपडे घातलेला शब्द हवा होता. म्हणून शेवटी निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत मी लिहिलं, 'आम्ही जीवनाच्या बाजूने'.

सभा झाली. कातू उभी राहिली. एका हातात कागद, दुसरा हात पोटावर. "माझ्या पोटातल्या जिवाचा घात मी करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवसापासून गावाने तिचं नाव ठेवलं प्रोलाइफ कातू. मटणवालासुद्धा विचारायचा, "प्रोलाइफ कातू, खिमा देऊ का तुकडे?"

रेनी हसली. "म्हणजे गावातली पहिली प्रोलाइफ आमची आजी."

कातूने एक डागाळलेलं पान बाजूला काढलं.

"पहिली," मी म्हणालो. "आता टँकर येतो. बावतीस, सावरून बस."

तेव्हा आमच्या विहिरींवर टँकरवाल्यांची धाड पडली होती. पंप लावायचे, टँकर भरायचे, शहराकडे न्यायचे. आमच्या विहिरी मचूळ झाल्या, पानवेली पिवळ्या पडल्या. सांतान लोपीस नावाचा एक दांडगा गडी लोकांना घेऊन रस्ता अडवायच्या तयारीत होता. त्याला रस्त्यावर बांधायला एक फलक पाहिजे होता. देवळाच्या कुंपणावरून जाताना त्याला माझा बॅनर दिसला. आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात जीवन म्हणजे काय? भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं, जल हेच जीवन. सांतानला वाटलं, फादरनी आंदोलनाला पाठिंबा दिला. त्याने टोपी काढून क्रूस केला आणि बॅनर सोडून घेऊन गेला.

फादर धावत गेले. "सांतान, तो पाण्याचा नाही रे."

"मग कसल्या जीवनाचा?"

फादरनी समजावून सांगितलं. सांतान म्हणाला, "दोन्ही एकच की, फादर. पाणी नसलं तर जन्मलेली पोरं पाजायची काय?" बॅनर रस्त्यावरच राहिला, दोन माडांच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्याखालून म्हणे एकही टँकर जाणार नव्हता.

इथपर्यंत सगळे हसत होते. मीही हसवत होतो. पण ही गोष्ट इथून पुढे हसवता येत नाही, मी पुष्कळदा प्रयत्न करून बघितला आहे.

रस्ता अडवला त्याच सकाळी कातूच्या सासूचा, रेमेतमावशीचा, निरोप आला. मी गेलो तर कातू चटईवर, अंगावर दोन गोधड्या, आणि एवढ्या उकाड्यात दात वाजत होते. पोरी दाराशी एकमेकींना धरून उभ्या.

मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाणी गेलंय रे. परवापासून जातंय. मला आज सांगते. पाचवाच महिना."

मी कातूजवळ बसलो. हात लावला तर चुलीतल्या विटेसारखा तापलेला. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतंस."

"मग?"

"मग ते म्हणाले असते, काढा." तिने माझं मनगट धरलं. "हलतंय, दादा. पहाटे हललं. मी पडून राहते, पाणी परत भरेल. मी वेलंकणी मातेला नवस बोललेय."

"तुझ्या पोरींचं काय?"

"मी शपथ घेतलीय. सगळ्या गावासमोर."

आयुष्यभर मी खोटं बोलत आलो, पण त्या वेळी एक धड थाप सुचली नाही. मावशीने मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला बोलावून आणलं होतं. सिस्टरने गोधडी उचलली, वास घेतला आणि पुन्हा झाकली. मला म्हणाली, "शहरात न्या. आत्ता." दाराबाहेर येऊन तिने आणखी एक वाक्य सांगितलं. "संध्याकाळपर्यंत थांबलात तर मला बोलवू नका, फादरना बोलवा."

रिक्षा नाही. टेम्पो नाही. रस्ता अडवल्यामुळे सगळे शहाणे आपापल्या गाड्या घेऊन आधीच पसार झाले होते. माझ्याकडे होती पाट्या वाहायची हातगाडी. रंगाचे डबे खाली काढले, गोधड्या घातल्या, कातूला वर निजवलं. ती नको नको म्हणत होती, पण अंगात उठायचीही ताकद नव्हती. मी ढकलत होतो, मावशी बाजूने धरून चालत होती. खड्डा आला की कातू दोन्ही हात पोटावर दाबायची. एका चाकाला कुरकुरायची खोड होती. आजही कुठे तसं चाक वाजलं तर मी रस्ता बदलतो.

मोठ्या रस्त्यावर सगळं गाव. बॅनर वर ताणलेला आणि त्याच्या अलीकडे भरलेल्या टँकरची रांग, तोंडं शहराकडे. बॅनरच्या पलीकडचा रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही. ती रांग सोडली तर आजारी बाईला नेता येईल अशी गाडी कुठेच नव्हती. पहिल्या टँकरवर हरिलाल नावाचा ड्रायव्हर दरवाजा उघडा टाकून बिडी ओढत बसला होता.

मी सांतानला म्हटलं, "याला सोड. कातूला न्यायचंय."

सांतानने हातगाडीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "डुमिंग, इथे टँकर हलला तर मागचे सगळे हलतील. सकाळपासून पोलीस तेवढ्याचीच वाट बघतायत. दुसरी गाडी मागव."

"कुठून मागवू?"

"फोन करू. शहरातून येईल."

"तोवर ती नाही राहायची."

मागून कुणीतरी म्हणालं, "पेंटरची नवी गोष्ट. टँकरवाल्याने पैसे चारले असतील." हे माझ्या थापांचं फळ. एरवी हसून ऐकणारी माणसं, पण त्या दिवशी मी खरं बोलत होतो आणि एकाचाही चेहरा हलत नव्हता. मी हातगाडी पुढे घातली. माणसांनी वाट दिली नाही. मी ओरडलो, शिव्या दिल्या, सांतानच्या पायाला हात लावला. मी बॅनरकडे बोट दाखवून म्हणालो, "वर काय लिहिलंय ते तरी वाच." तो म्हणाला, "त्याच्यासाठीच उभा आहे."

तेव्हा कातू गोधडीतून बोलली. इतकं हळू की सांतानला वाकावं लागलं.

"सांतान, पाणी गेलं."

"जाऊ देणार नाही गं. एक थेंब जाऊ देणार नाही."

"माझं पाणी गेलं रे."

सांतान चार पोरांचा बाप. त्याचा चेहरा उतरला. तो सरळ झाला आणि त्याने टँकरच्या चाकाखालचा दगड स्वतःच्या हाताने काढला. पण मागे लोक होतेच. भरलेला टँकर जाणार म्हटल्यावर आवाज उठला, दोघांनी दगड उचलले. मग हरिलाल खाली उतरला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. मागे जाऊन टँकरची तोटी सताड उघडली. "पाणी तुमचा, घ्या तुमचा," तो म्हणाला. "गाडी हलका तर गाडी पळते."

तोटीतून पाण्याचा हा एवढा लोट रस्त्यावर आदळला. माणसं मागे सरली. आम्ही कातूला केबिनमध्ये चढवलं. मावशी पोरींसाठी मागे राहिली. आणि तो टँकर त्या निळ्या कापडाखालून निघाला, पाणी सांडत. 'आम्ही जीवनाच्या बाजूने' ही माझी अक्षरं काचेवरून वर सरकून गेली. शहरापर्यंतचा सगळा रस्ता आम्ही भिजवला. मागे वळून बघितलं तर गुरं रस्त्यावर तोंड लावून उभी होती.

"नाना," बावतीस म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "आता गुरं कशाला आणता?"

"होती म्हणून आणली."

केबिनमध्ये कातूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती नमो मरिया म्हणत होती. निम्म्यावर थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मधेच म्हणाली, "दादा, त्यांना सांग, वाट बघा. अजून हलतंय." मी म्हटलं, सांगतो. मग म्हणाली, "मी मेले तर पोरींना इनासची आई सांभाळेल का रे? म्हातारी आहे." मी म्हटलं, गप्प बस. मग पुढच्या वळणावर तिने डोळे मिटले. हरिलालने हॉर्नवरचा हात काढलाच नव्हता.

दवाखान्यात कोपीकर डॉक्टरबाई होत्या. तपासून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"पिशवीत पाणी शिल्लक नाही. विष अंगात चढलंय. पिशवी आत्ता रिकामी केली नाही तर ही जाईल."

"आणि मूल?"

"ठोके आहेत." त्यांनी चष्मा काढला. "पण या महिन्याचं मूल बाहेर जगत नाही. आणि आत ठेवलं तर आईबरोबर जाईल. एक तर जाणारच आहे. दोन जायचे की नाही, तेवढंच उरलंय."

तेवढ्यात फादर एलायस आले. सांतानने त्यांना स्कूटरवर पाठवलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, थोडं थांबता येणार नाही? ठोके थांबेपर्यंत?"

"तुम्ही थांबाल, फादर. तिच्या रक्तातलं विष थांबत नाही."

फादर बाकावर बसले. मोठ्या आवाजाचा तो माणूस हळू म्हणाला, "डुमिंग, हो म्हणायची मला मुभा नाही. ठोके आहेत ना अजून. आणि नाही म्हणायला तोंड उघडत नाही." मग त्यांनी खिशातून रोझरी काढली, पण मणी ओढले नाहीत, नुसती मुठीत धरून बसले.

मी त्यांच्याकडून उत्तराची वाट बघत होतो. फादर माझ्याकडून. बाई आम्हा दोघांकडून. आत माझी बहीण. मला आठवतंय, बाकाखाली कुणाची तरी चप्पल राहिली होती, एकाच पायाची. मी तिच्याकडे बघत होतो, कारण बाकी कुठे बघवत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "कुणीतरी सांगा मला."

"कातू काय म्हणते?" फादरनी विचारलं.

कातू बेशुद्ध होती. काहीच म्हणू शकत नव्हती. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "करा. मी सांगतो, करा. पाप असेल तर माझ्या नावावर."

ओट्यावर कातूचं फडकं पानावर थांबलं होतं. मी घाईने पुढे गेलो.

बाई आत गेल्या आणि लगेच नर्स बाहेर आली. पाणी नाही म्हणाली. नळ कोरडा. सकाळी टँकर यायचा होता, आला नाही. हरिलाल दाराशी उभा होता. तो म्हणाला, "हाच तो टँकर. इथेच यायचा होता."

"नाही हो नाना," बावतीस म्हणाला. "हे म्हणजे अतीच झालं."

"अती झालंच. आम्ही वाटभर सांडत आलो ते पाणी तिच्याच दवाखान्याचं होतं. हरिलालने टँकरच्या पोटात उतरून तळाचं पाणी बादल्यांनी काढलं. तेवढं पुरलं. फादरनी आत नेऊन दिलं. आणि म्हणून फादर तिथे होते, जेव्हा ते आलं."

"काय आलं?" रेनीने विचारलं.

"मूल. मुलगा. ओंजळीत मावेल एवढा. श्वास म्हणावा असं काहीतरी थोडा वेळ चाललं होतं. फादरनी त्याच बादलीत बोटं बुडवली आणि त्याच्या कपाळावर पाणी घातलं. बाप्तिस्मा दिला. इमानुएल. मग ते शांत झालं."

कातू वाचली. महिनाभर अंथरुणात होती. ती घरी यायच्या आधी मी गावात आलो आणि बावतीसच्या बापाच्या दुकानात खुर्चीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कातूला काही ठाऊक नाही. ती बेशुद्ध होती. पाडा म्हणून मी सांगितलं. आयुष्यात गावाने माझी एवढीच एक गोष्ट एका दमात खरी मानली. कातूला कुणी बोल लावला नाही. तिने शपथ मोडली असं कुणी म्हणालं नाही, उलट तिला जास्तच जपलं. बिचारीचं मूल भावाने घालवलं म्हणाले. इनास बोटीवरून आला, त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. देवळाच्या पाट्या दुसरीकडे रंगायला जाऊ लागल्या. मला कुणी आत येऊ नको म्हणालं नाही, पण मी आपला बाहेर उंडीच्या झाडाखाली उभा राहून मिस्सा ऐकायला लागलो. तिथे वारा चांगला येतो.

"म्हणून तुम्ही आत येत नाही?" रेनी म्हणाली. "मला वाटायचं, विडी ओढायला."

"विडीही ओढतो."

तिने वही मांडीवर घेतली. "नाना, हे मी भाषणात सांगू? आजीचं उदाहरण देते. शपथ घेतली आणि शेवटपर्यंत मोडली नाही. तिच्या तोंडून हो आलंच नाही, दुसऱ्यांनी ठरवलं. प्रोलाइफ म्हणजे काय, तर माझी आजी."

"सांग की," मी म्हणालो. "आणि मराठी शब्द माझा वापर. खाली माझं नाव नको."

"आणि त्या बाळाचं नाव कुणी ठेवलं?"

"फादरनी. त्यांच्या तोंडाला आलं ते ठेवलं. संतांच्या नावांची त्यांना काय कमी."

"खोटं," कातू म्हणाली.

तिने हातातलं पान चळतीवर ठेवलं आणि फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"टँकर खरा आहे, रेनी. पाणी सांडलं ते खरं, गुरं खरी. याचं सगळं खरं आहे, एवढं सोडून. मी शुद्धीत होते. बाईंनी माझ्या तोंडाशी कान आणून विचारलं आणि मी हो म्हटलं. नाव पण मीच सांगितलं. लिही."